मुलांसोबत अँटवर्प : एका वहीतील प्रवास

मागच्या वर्षी जून महिन्यात शाळा उघडली आणि आमच्या धाकट्या मुलाला ‘मी केलेला प्रवास’ या विषयावर निबंध लिहायला मिळाला. विषय ऐकून आम्हा उभयतांना समाधान वाटले. नुकतेच मे महिन्यात आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर नऊ दिवसांत युरोपातील पाच देश पाहून परतलो होतो. लिहिण्यासाठी सामग्रीची उणीव पडेल अशी शंकाही मनात नव्हती. त्याने लिहिलेली दीड पाने वाचली, तेव्हा मात्र मी गप्पच झालो. बस निळ्या रंगाची होती. मागच्या आसनावर बसले की मळमळते. हॉटेलच्या लिफ्टमध्ये सगळीकडे आरसे होते. एके ठिकाणी कबूतर त्याच्या बुटावर येऊन बसले. ते कोणते शहर, असे मी विचारले. बराच वेळ आठवून तो म्हणाला, “जिथे खाली उतरून सगळ्यांनी फोटो काढला, तिथे.”

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे कागद आणि वह्यांचे दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केले, वडिलांनी वाढवले, आता थोरले बंधू आणि मी चालवतो. दिलेल्या रकमेच्या बदल्यात माल किती आला हे पाहण्याची सवय रक्तातच असल्यामुळे त्या रात्री मी मनाशी हिशेब मांडला. पैसे पाच देशांचे मोजले होते आणि घरी आले होते एक कबूतर. दोष मुलाचा नव्हता. रोज पहाटे उठून, सामान बांधून, खिडकीतून सरकणारी शहरे पाहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाने याहून अधिक काय लक्षात ठेवावे?

पुढची सहल करायची तर एकाच शहराची, आणि तिची आखणी मुलांनी आपल्याबरोबर बसून करायची, असे आम्ही त्याच रात्री ठरवले. दुसऱ्या दिवशी दुकानातून लाल कापडी बांधणीची एक कोरी वही घरी आणली आणि तेरा वर्षांच्या थोरलीच्या हाती दिली. शहर कोणते, तेथे काय पाहायचे, काय खायचे, खर्च किती, हे सर्व त्या एका वहीत यावे, अशी अट घातली. त्या वहीच्या आधारे यंदाच्या मे महिन्यात आम्ही बेल्जियममधील अँटवर्प या शहरात आठ दिवस राहून आलो. मुलांना घेऊन परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे.

अँटवर्पच का?

पॅरिस, लंडन, रोम ही नावे वहीच्या पहिल्या पानावर होतीच. परंतु महानगरात मुलांचा अर्धा दिवस भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर आणि तिकिटांच्या रांगांत संपतो. आम्हाला असे शहर हवे होते, की जेथे मुक्कामाच्या घरापासून बहुतेक स्थळे चालत गाठता येतील, दुपारी थकलेले मूल घरी आणून झोपवता येईल आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता येईल. अँटवर्पचा जुना भाग शेल्ड नदीच्या काठी असा आटोपशीर वसलेला आहे. ब्रसेल्सच्या विमानतळावरून थेट रेल्वेने पाऊण तासाच्या आत तेथे पोहोचता येते. आणखी एखादे शहर पाहण्याची इच्छा झालीच, तर गेंट रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे.

दुसरे कारण आपल्या समाजाशी निगडित आहे. गेल्या शतकातील साठीच्या दशकापासून गुजरातेतील, विशेषतः पालनपूरकडील जैन व्यापारी हिऱ्यांच्या व्यापारासाठी या शहरात स्थायिक होत गेले. त्यामुळे निर्मिष भोजनाची तेथे अगदीच अनोळख नाही आणि शहराच्या दक्षिणेकडील विलरेइक उपनगरात संगमरवरी जिनमंदिर उभे आहे. परक्या देशात पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर मुलांना नेताना या दोन गोष्टींचा मनाला आधार वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

काळ कोणता निवडावा, यावर घरात बरीच चर्चा झाली. दिवाळीच्या सुटीत दुकानातून थोडी उसंत मिळते. पण नोव्हेंबरच्या आरंभी अँटवर्पला सूर्य सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाला तेव्हा दुपारी चारलाच मुक्कामी परतावे लागेल. याउलट मेच्या पहिल्या आठवड्यात तेथे सकाळी सहाच्या सुमारास उजाडते आणि सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. दिवसभर फिरून, घरी येऊन, निवांत स्वयंपाक करून जेवले, तरी ऊन खिडकीत असते. अडचण एवढीच, की मेच्या मध्यापासून शालेय वह्यांचा हंगाम सुरू होतो. थोरल्या बंधूंनी मोठ्या मनाने परवानगी दिली. मात्र बारा तारखेला दुकानात हजर राहण्याचे वचन घेतले.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो झालाच पाहिजे. मे महिन्याची गर्दी लक्षात घेता फेब्रुवारीतच तो करावा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण आवश्यक असते. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, परंतु जन्मदाखला आणि आईवडिलांची संमती लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांचा पासपोर्ट मोठ्यांप्रमाणे दहा वर्षांचा नसून पाचच वर्षांचा असतो. आमच्या धाकट्याच्या पासपोर्टची मुदत संपत आल्याचे थोरलीने वही भरताना दाखवून दिले. अन्यथा आमचा अर्ज तेथेच अडला असता.

शिधा आणि स्वयंपाक

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले दोन खोल्यांचे घर आठ दिवसांसाठी भाड्याने घेतले, हा आमचा सर्वांत योग्य निर्णय ठरला. तेथील शेगडी इंडक्शनची असते. त्यावर ॲल्युमिनियमचे भांडे तापत नाही. म्हणून जाड बुडाची एक स्टीलची कढई आणि लहान कुकर, लोहचुंबक चिकटते याची खात्री करून, सोबत नेला. तूरडाळ, मूगडाळ, पोहे, रवा, भाजणी, मसाले आणि दशम्या एवढाच शिधा होता. युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरच्या देशातून दुग्धजन्य पदार्थ सामानात नेता येत नाहीत. त्यामुळे आईने प्रेमाने भरून दिलेला तुपाचा डबा आणि पेढे आम्हाला घरीच ठेवावे लागले. हापूस आंब्याच्या पेटीचेही तेच झाले, कारण बहुतेक ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. दूध, दही आणि लोणी तेथे उत्तम मिळते. पत्नीने दुसऱ्याच दिवशी लोणी कढवून तूप केले आणि त्या वासाने ते घर आमचे झाले.

बाहेरचे खाणे हा मुलांसाठी खरा कसोटीचा भाग होता. बेल्जियमची प्रसिद्धी ज्या पदार्थांसाठी आहे, त्यांपैकी तळलेले बटाटे पारंपरिक रीतीने गोमांसाच्या चरबीत तळले जातात. वॉफलच्या पिठात अंडे असते. चघळण्याच्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. चॉकलेटच्या पोटात कधी मद्य भरलेले असते. प्रत्येक दुकानापाशी ‘हे नको, ते नको’ म्हणत मुलांना ओढत नेले असते, तर सहल म्हणजे आठ दिवसांचा नकार झाला असता. म्हणून निघण्यापूर्वीच हे काम आम्ही त्यांच्याकडे सोपवले. अंडे, मांस, मासे, जिलेटिन, कांदा, लसूण यांना तेथील डच भाषेत काय म्हणतात, याची चिठ्ठी दोघांनी तयार केली. वेष्टनावरील घटकांच्या यादीत अंडे आणि दूध यांसारखे ॲलर्जीकारक पदार्थ ठळक छापणे युरोपात बंधनकारक आहे. त्यामुळे शोध सोपा होतो. दुकानात शिरले की धाकटा गुप्तहेराच्या थाटात पाकिटे उलटी करून वाचू लागे. डच भाषेत बटाट्याला ‘आर्दअप्पल’, म्हणजे जमिनीतले सफरचंद, म्हणतात, हे कळल्यावर त्याने लगेच युक्तिवाद केला, “बाबा, सफरचंद असेल तर चालेल की!” त्याची समजूत त्याच्या बहिणीनेच घातली : “नाव बदलल्याने कंदमूळ झाडावर चढत नाही.”

तेरा वर्षांची ही मुलगी गेले वर्षभर घरात ‘हे का खायचे नाही’ असे प्रश्न विचारत होती. तेथे कोणी नातेवाईक पाहत नव्हते आणि आम्हीही तिच्यावर नजर ठेवली नाही. चौथ्या दिवशी एका दुकानात चॉकलेटचे सुंदर खोके तिने हातात घेतले, मागची यादी वाचली आणि शांतपणे जागेवर ठेवून दुसरे उचलले. आम्ही काही बोललो नाही. काही प्रसंगी न बोलणेच बरे असते.

आईचा दूरध्वनी मात्र रोज येई. उन्हाळ्यात तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सांगलीत रात्रीचे आठ वाजले, की ती काळजीने विचारी, “सूर्य मावळायच्या आत जेवलात ना रे?” तेव्हा आमच्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असत. धाकटा फोन खिडकीकडे धरून सांगे, “आजी, इथला सूर्य तुझ्यासारखाच आहे. झोपतच नाही.”

मुलांचे दिवस

वहीत प्रत्येक दिवसासाठी एक पान होते. सकाळी एकच मोठे स्थळ पाहायचे आणि दुपार मोकळी ठेवायची, हा नियम. प्रत्येक मुलाला दोन दोन दिवस स्वतःच्या मर्जीने आखण्याचा अधिकार दिला. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, ही नोंद आखणीच्या वेळीच झाल्यामुळे बंद दारापुढे उभे राहण्याची वेळ आली नाही.

शहरात पाऊल ठेवताच पहिले आश्चर्य समोर येते, ते म्हणजे रेल्वे स्थानक. १८९५ ते १९०५ या काळात बांधलेल्या या स्थानकाला एखाद्या देवालयासारखा भव्य घुमट आहे. लोखंड आणि काचेच्या उंच छताखाली फलाटांचे मजले एकाखाली एक उतरत जातात. वर उभे राहिले, की तळातून धावणारी आगगाडी दिसते. धाकट्याने तेथे तासभर केवळ जिने चढण्या-उतरण्यात घालवला. मागच्या सहलीत अशा तासाला जागा नव्हती.

जुन्या शहराच्या चौकात ब्राबोचा पुतळा आहे. दंतकथा अशी, की नदीकाठी अँटिगून नावाचा एक राक्षस प्रत्येक नावाड्याकडून जकात घेत असे आणि जो देणार नाही त्याचा हात तोडून नदीत फेकत असे. ब्राबो नावाच्या वीराने त्याचाच हात तोडून नदीत भिरकावला. हात फेकणे या अर्थाच्या शब्दांवरून शहराला नाव पडले, असे लोक सांगतात. भाषेचे अभ्यासक त्याची व्युत्पत्ती निराळी लावतात. आमच्या मुलांनी जकात नाका पाहिलेला नाही. त्यांना तो समजावून सांगताना माझ्या वडिलांच्या ट्रका नाक्यावर कशा अडकून पडत, ही गोष्ट ओघाने निघाली आणि मुलांनी ती पुतळ्याच्या गोष्टीइतक्याच आवडीने ऐकली.

धाकट्याचा आवडता दिवस मात्र नदीखालचा. १९३३ मध्ये खुला झालेला सेंट ॲना बोगदा ५७२ मीटर लांब असून केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. तळाशी नेणारे जुने सरकते जिने लाकडी आहेत आणि आजही खडखडत चालतात. एकतीस मीटर खोल उतरून, डोक्यावर मोठाली जहाजे वाहून नेणारी नदी आहे या कल्पनेने हरखत, मुले पलीकडच्या तीरावर पोहोचली. तेथून १२३ मीटर उंच मनोऱ्याच्या कॅथेड्रलसह सगळे शहर एका नजरेत दिसते. या आनंदासाठी एक पैसाही पडत नाही. तसेच बंदराजवळच्या ‘मास’ या संग्रहालयाच्या गच्चीवरही विनाशुल्क जाता येते. वहीत त्या पानावर धाकट्याने मोठ्या अक्षरांत ‘खर्च : शून्य’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

स्थानकाला लागूनच १८४३ पासूनचे प्राणिसंग्रहालय आहे. ते पाहावे की नाही यावर भावंडांत मतभेद झाला. धाकट्याला प्राणी पाहायचे होते आणि पिंजऱ्यातले प्राणी पाहायला पैसे देणे थोरलीला पटेना. आम्ही निवाडा दिला नाही. तो आईबरोबर गेला, ती माझ्याबरोबर आली. चौघांनी सतत एकत्र राहिलेच पाहिजे, असा आग्रह कुटुंबाच्या सहलीत धरू नये, हे त्या दिवशी कळले.

मी तिला जुन्या व्यापारी विनिमयगृहाकडे नेले. १५३१ साली व्यापाऱ्यांच्या देवघेवीसाठी खास बांधलेली इमारत या शहराने उभारली आणि लंडनचे रॉयल एक्स्चेंज तिच्यावरूनच स्फुरले. मूळ वास्तू पुढे आगीत नष्ट झाली. आजची एकोणिसाव्या शतकातील आहे. काही कार्यक्रम नसेल तेव्हा तिच्यात डोकावता येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गेलेली मलबारची मिरी अँटवर्पच्या बाजारात विकली जाई, हे तिला मी सांगितले. १५८५ मध्ये शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले, नदीचा मार्ग अडला आणि अनेक व्यापारी उत्तरेकडे, ॲम्स्टरडॅमला निघून गेले. “म्हणजे बाजारही गावासारखा उठतो?” तिने विचारले. मी होय म्हणालो. पेठेत वाढलेल्या मुलीला हे समजायला वेळ लागला नाही.

तेथून स्थानकाजवळच्या हिरे बाजाराच्या गल्ल्यांत गेलो. गल्ल्या साध्या, वाहनांना बंद, कडक पहाऱ्याच्या. शनिवारी तेथील अनेक दारे उघडत नाहीत. लांब काळे कोट घातलेले ज्यू व्यापारी आणि गुजरातीत बोलणारे आपले लोक एकाच रस्त्यावर दिसतात. सौदा पक्का झाला की दोन्ही पक्ष हात मिळवून ‘मझल’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. धर्म कोणताही असो, त्या शब्दानंतर माघार नाही. मोठ्या रकमेचे सौदे एका शब्दावर होतात, हे ऐकून थोरली म्हणाली, “आजोबा म्हणायचे तसंच, बोललं म्हणजे लिहिलं.” वडिलांचे ते वाक्य तिच्या लक्षात आहे, हे मला ठाऊक नव्हते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. दुसऱ्या दिवशी उद्यानात बसलो असताना दुकानातून फोन आला. कागदाच्या गाडीचा काही घोटाळा होता आणि मी तासभर बोलत राहिलो. रात्री वही पाहिली, तर खर्चाच्या बाजूला, ट्राम आणि पाण्याच्या बाटलीच्या खाली, थोरलीच्या हस्ताक्षरात नोंद होती : ‘बाबा : १ तास.’ मी ती नोंद खोडली नाही. त्यानंतर फोन सकाळच्या अर्ध्या तासापुरताच ठेवला. मुलांची सहल आखताना वडिलांच्या वेळेची तरतूद आधी करावी लागते, हे मला एका ओळीने शिकवले.

मुद्रकाच्या घरी

सहावा दिवस थोरलीचा होता आणि तिने प्लांटिन-मोरेटस संग्रहालय निवडले होते. आपल्या धंद्याशी संबंधित स्थळ म्हणून माझ्यावर कृपा केली असेल, असे मला वाटले. प्रत्यक्षात त्या घराने आम्हा चौघांना अर्धा दिवस धरून ठेवले.

क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणी करणारा कारागीर. १५५५ मध्ये त्याने अँटवर्पमध्ये मुद्रण सुरू केले आणि काही वर्षांतच त्याचे मुद्रणालय युरोपातील सर्वांत मोठ्या मुद्रणालयांपैकी एक झाले. पाच भाषांतील आठ खंडांचे बायबल हे त्याचे गाजलेले काम. त्याच्या जावयाने, जान मोरेटसने, धंदा पुढे नेला आणि एकाच कुटुंबाने तो तीनशे वर्षे, १८६७ पर्यंत, चालवला. मोरेटस कुटुंबाने मुद्रणालयाचे वाटणीत तुकडे पाडले नाहीत; ते अखंड राहावे आणि चालवण्यास जो लायक त्याच्या हाती जावे, असे धोरण ठेवले. पुढे घरातील विधवा सुनांनीही ते समर्थपणे चालवले. १८७७ मध्ये ती वास्तू संग्रहालय म्हणून खुली झाली आणि २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

रस्त्याकडे दुकान, मध्ये चौक, मागे कारखाना आणि वर राहते घर. आपल्याकडच्या जुन्या पेठेतील वाड्याचीच ही रचना. जगातील सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी दोन छपाई यंत्रे, १६०० च्या सुमाराची, तेथे ओळीच्या शेवटी उभी आहेत. खिळ्यांच्या पेट्या, मुद्रितशोधकांची खिडकीपाशी ठेवलेली मेजे, चामड्याने मढवलेल्या भिंती, सगळे जागच्या जागी आहे. घराचे चिन्ह आहे कंपास : एक पाय स्थिर आणि दुसरा फिरणारा. श्रम आणि सातत्य हे त्या घराचे ब्रीद. फिरणारा पाय श्रमाचा, स्थिर पाय सातत्याचा. धाकट्याने लगेच वहीवर तसा कंपास काढला.

मी मात्र थांबलो तो हिशेबाच्या वह्यांपाशी. या घराच्या रोजकीर्दी आणि खतावण्या जवळजवळ आरंभापासून जपलेल्या आहेत. कागद किती घेतला, कामगाराला काय दिले, पुस्तक कोणाला किती किमतीला विकले, चित्रकार रुबेन्सला मुखपृष्ठाच्या चित्राचे काय दिले, सारे त्यांत आहे. १५६३ ते १५६७ या भागीदारीच्या काळातील हिशेब तर द्विनोंदी पद्धतीने लिहिलेले आहेत. युनेस्कोने २००१ मध्ये या व्यापारी दप्तराची ‘जगाची स्मृती’ या नोंदपटावर नोंद केली. राजेरजवाड्यांची फर्माने जपतात, हे मला माहीत होते. दुकानदाराची वही जगाने जपावी, हे नवे होते. आमच्या माळ्यावर आजोबांच्या चोपड्यांची दोन पोती आहेत. गेल्या पावसाळ्यात ती रद्दीत काढायचे मी जवळपास ठरवले होते.

त्याच दालनात थोरलीला तिची गोष्ट सापडली. प्लांटिनला एक मुलगा झाला, तो लहानपणीच गेला. पाच मुली वाढल्या. त्याने सर्वांना वाचायला-लिहायला शिकवले आणि लहान वयातच मुद्रिते वाचण्यात त्या मदत करू लागल्या. त्याच्या एका पत्रातून कळते, की चौथी मुलगी माग्दलेना त्या पाच भाषांच्या बायबलाची मुद्रिते संपादक विद्वानाकडे नेऊन मूळ हिब्रू, ग्रीक ग्रंथांतून वाचून दाखवी. तेव्हा ती तेरा वर्षांच्या आसपास होती. थोरल्या बहिणींपैकी दोघी लेसचा व्यापार सांभाळत.

मुलीने हे दोनदा वाचले. मग मागे वळून, माझ्याकडे न पाहता, तिने विचारले, “बाबा, आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘आणि सन्स’ का लिहिलंय?”

ती पाटी आजोबांनी लावली, त्यांना तीन मुलगे होते, असे काहीतरी उत्तर मी दिले. ते उत्तर नव्हते, हे तिला कळले आणि मलाही. आमच्या घरात मुलींच्या शिक्षणाला कधी कोणी आडकाठी केली नाही. परंतु दुकान कोणाचे, हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता, कारण त्याचे उत्तर पाटीवर रंगवलेले होते. पत्नी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “विचारलंय तर नीट उत्तर द्या, घाई नाही.” चौकातील द्राक्षाच्या वेलीखाली आम्ही बराच वेळ बसलो. धाकट्याला भूक लागेपर्यंत कोणी विशेष बोलले नाही.

परतल्यावर

अखेरच्या रविवारी विलरेइकच्या मंदिरात दर्शन घेतले आणि ठरल्याप्रमाणे बारा तारखेला मी दुकानात हजर झालो. वहीतील हिशेब जुळवला, तेव्हा आठ दिवसांचा खर्च मागच्या नऊ दिवसांपेक्षा कमी निघाला. घरचा स्वयंपाक, पायी फिरणे आणि विनाशुल्क स्थळे यांचा त्यात मोठा वाटा होता. जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच : शहर एकच निवडा, आखणीची वही मुलांच्या हाती द्या, दिवसातून एकच ठिकाण ठरवा आणि उरलेला वेळ रिकामा ठेवा. मुलांचे प्रश्न त्या रिकाम्या वेळातच येतात. त्यांच्या उत्तरांची तयारी मात्र व्हिसाच्या अर्जात कोठे लिहिलेली नसते.

आजोबांची पोती मी माळ्यावरून उतरवली. सुटीच्या दिवशी थोरली आणि मी एकेक चोपडी झाडून, अनुक्रम लावून कपाटात ठेवतो. मोडीतली काही पाने वाचता येत नाहीत, म्हणून ती आता मोडी शिकते आहे.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी प्रथेप्रमाणे थोरल्या बंधूंनी नवी कीर्द चौरंगावर ठेवली. पहिले पान नेहमी तेच लिहितात. मी त्यांना अँटवर्पमधला प्रश्न आधीच सांगितला होता. ते तेव्हा हसले होते आणि विषय बदलला होता. पूजा झाली. त्यांनी बोरू उचलला, क्षणभर थांबले आणि पुतणीला म्हणाले, “ये, तुझं अक्षर चांगलं आहे.”

तिने ‘श्री’ लिहिले आणि खाली मिती घातली. पाटी अजून तशीच आहे. ती नव्याने रंगवायची झाली की काय लिहायचे, यावर घरात बोलणे चालू आहे.